चौथं बेरिंग

ते २०११ साल होतं, ऑक्टोबरचा मधला आठवडा, आणि बन्यामीन ट्रकखाली उताणा पडून मला ओरडून सांगत होता, "वैनी, लिवा! ब्रेकचा डरम जुनाच. नट-बोल्ट समदं जुनं. सील नवी, चार. बेरिंगं नवी, चार."

शिरूरच्या मिशन कंपाउंडमागे चिंचेखाली खुर्ची टाकून मी बसले होते. मांडीवर माझ्या मुलीची, नॅन्सीची, जुनी वही होती.

"बेरिंगच तेवढी नवी कशाला?" मी विचारलं. "बाकी सगळं भंगारातलं घालतोयस की."

तो सरपटत बाहेर आला. दाढीत माती, कानशिलावर काळ्या तेलाचा ओघळ. उठून बसला आणि एखाद्या लहान पोराला समजवावं तसं मला समजावू लागला. "ह्या गाडीत कुठंबी पैसा वाचवा, वैनी. पत्रा जुना चालतोय, पाटं जुनं चालत्यात. पर बेरिंगमधी न्हाई. समदा भार त्येच्यावर. माणसाचा गुडघा असतो ना, तसं हाय ते. जुना गुडघा कुनी बसवून घेतं का?"

"पुण्यात बसवतात म्हणे गुडघे."

"ते नवं असत्यात, वैनी!" तो एवढा हसला की पुन्हा ट्रकखाली जाताना त्याचं डोकं आपटलं.

हे संभाषण मला असं शब्दाला शब्द आठवतं. आज माझं वय पंचाहत्तर. सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. पण त्या दोन महिन्यांतलं काहीच विसरता येत नाही.

बन्यामीन माझा धाकटा दीर. १९७० साली मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वर्षभरात सासूबाई गेल्या आणि त्याचं नाक पुसण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. पुढे पाबळच्या शाळेत राहून तो वेल्डिंग आणि लेथचं काम शिकला आणि मग अठ्ठावीस वर्षं शिरूर ते दौंडच्या मधल्या दुसऱ्यांच्या गॅरेजांत राबला. चालत्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं ओळखायचा. लोक त्याला कुठून कुठून मोटरसायकलवर बसवून न्यायचे. माझे यजमान मॅथ्यू २००४ साली वारले. त्यानंतर घर बन्यामीनच्या पगारावर चाललं. दर शनिवारी तो पाकीट माझ्या हातात द्यायचा. त्यातूनच माझी नॅन्सी नर्स झाली. त्याने लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचा, "घरात मानसं हायत की." मीही फार नेट लावला नाही. का लावला नाही, ते आता लिहायला लाज वाटते.

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मात्र तो हातांमुळे फार संकोचायचा. साबण, सोडा, लाकडाचा भुसा, काही केलं तरी नखांतलं काळं जायचं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा घेताना तो बोटं मुडपून घ्यायचा.

ट्रक होता सर्जेराव आबांचा. आबा दौंडकडचे मोठे बागायतदार. पाटसच्या बाजूला कारखान्याला ऊस वाहायला त्यांच्या बारा गाड्या लागायच्या. मागचा एक्सल तुटल्यामुळे ही तेरावी गाडी दोन वर्षं गोठ्यामागे पडून होती आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. बन्यामीन तिथे ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला आणि तिला पाहून आला.

व्यवहार आमच्या अंगणात झाला, त्यामुळे मला तोंडपाठ आहे. आबा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "भंगाराच्या भावात घिऊन जा. पैसं हंगामात फेड. पर एक बोलून ठिवतो, बन्यामीन. मोळी टाकायच्या दिवशी माझ्या नंबरात तुजी गाडी भरून कारखान्याच्या काट्यावर उबी पायजे. उबी ऱ्हायली तर समदा हंगाम तुजा. न्हाई ऱ्हायली तर त्यो नंबर जालिंदरचा. मग माज्याकडं रडत यायाचं न्हाई."

"रडायला कशाला यीन, आबा? उसाचा रस प्यायला यीन."

मोळी टाकणं म्हणजे गळिताची सुरुवात. त्या दिवशी जी गाडी उभी राहील तिचा चार-पाच महिन्यांचा धंदा पक्का. जालिंदर हा पाटसचा तरुण गाडीवाला. स्वतःचा ट्रक घेऊन तो दोन वर्षं आबांच्या दारात थांबला होता. आणि बन्यामीन पन्नास वर्षांचा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नावावर सायकलपेक्षा मोठं काहीतरी लागणार होतं.

ट्रॅक्टरने ओढत ट्रक शिरूरला आला आणि आमच्या घरात सणासारखं सुरू झालं. तो एक्सल खोलायचा, मी सामान आणायचे. त्याला घासाघीस जमत नसे. दुकानदाराने सांगितलेला आकडा तो तसाच द्यायचा आणि वर आभार मानायचा. माझं उलट. कंपाउंडमधल्या बाया लग्नाचा बस्ता बांधायला मला मुद्दाम बरोबर नेत. भाव पाडायचा म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरे. हे कौशल्य मी आयुष्यभर मिरवलं.

कासुर्डीजवळ हायवेला एक अपघाती ट्रक तोडायला आला होता. आम्ही दोघं एसटीने गेलो. बन्यामीनने डोळे मिटून ब्रेकचा ड्रम बोटाने वाजवला, कान लावला आणि मला हळूच म्हणाला, "चांगला हाय. तडा न्हाई." मग मी पुढे झाले.

"या तडकलेल्या भांड्याचे काय घेणार?" मी भंगारवाल्याला विचारलं.

"आजी, ते भांडं न्हाई, डरम हाय."

"माझ्या घरी असतं तर मी त्यात कोंबडीला पाणी ठेवलं असतं. बोल."

अर्ध्या किमतीत ड्रम, वर मूठभर बोल्ट फुकट. परतीच्या एसटीत तो ड्रम मांडीवर घेऊन बन्यामीन कंडक्टरला सांगत होता, "आमच्या वैनी कारखान्याच्या चेअरमन पायजे हुत्या. सभासदांना साखर फुकट मिळाली असती." मला इतकं बरं वाटलं! एक्सलचं हौसिंग, म्हणजे त्यावरचं लोखंडी कवच, तडकलं होतं, ते त्याने स्वतः वेल्डिंग करून जोडलं. स्प्रिंगचे पाटे मी घोडनदीच्या बाजारामागून आणले. दर वेळी वाचलेले पैसे मी वेगळ्या डब्यात टाकत होते. पहिल्या खेपेला डिझेल टाकायला ते त्याच्या हातात ठेवायचे, असं मी मनाशी ठरवलं होतं.

शेवटी राहिली बेरिंगं. त्यासाठी मी एकटीच दौंडला गेले, कारण त्याला ब्रेकचं काम संपवायचं होतं.

स्टेशनजवळ चांगदेवचं दुकान होतं. नवं-जुनं दोन्ही सामान तो विकायचा. माणूस सरळ होता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्याने चार नवी बेरिंगं काढली, डबे उघडून दाखवली. पोलादाचं कडं आणि आत गोल बसवलेल्या बुटक्या कांड्या. भाव ऐकून मी नेहमीप्रमाणे पिशवी उचलून निघाल्यासारखं केलं. तो हलला नाही.

"मावशी, हितं भाव न्हाई पडत. कंपनीचा छापील हाय."

अर्धा तास मी खटपट केली. एक रुपया कमी झाला नाही. माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसत होती. त्याचं मला फार लागलं. त्या महिन्याभरात मी पहिल्यांदाच हरत होते. तेवढ्यात फळीवर एक बेरिंग दिसलं. पुसून लख्ख केलेलं. माझ्या डोळ्यांना ते नव्यासारखंच चमकत होतं.

"आणि ते?"

"ते काढलेलं हाय. पाव किमतीत दीन. पर मिस्तरीला सांगा हां, मावशी. मोकळ्या गाडीला चालंल, भरल्या गाडीला नगं."

हे त्याने स्पष्ट सांगितलं. मी स्पष्ट ऐकलं. आणि म्हणाले, "तीन नवी दे. चौथं हे दे."

त्याने कागदात गुंडाळायला घेतलं. तेव्हा मी म्हटलं, "कागद नको. तो रिकामा डबा दे."

"डबा कशाला?"

"पिशवीला तेल लागतं."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डबा दिला. आता सांगते, पिशवीला तेल लागायचं काहीच कारण नव्हतं.

मला पैशांची नड नव्हती. पैसे कनवटीला होते. मुलगी कमावती होती. नडीपायी केलं असतं तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. मी ते केलं ते फक्त घरी जाऊन "यातही वाचवले" असं म्हणता यावं म्हणून. चारांतलं एक जुनं असलं तर काय होतंय, तीन नवी आहेत की, असा हिशेब करत मी एसटीत बसले. पोळ्यांच्या कणकेत मूठभर जुनं पीठ मिसळावं, तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बेरिंगं बसवायला घेतली. बेरिंग हातात घेतलं की ते कानाशी धरून फिरवायची त्याची सवय होती. पहिलं फिरवलं, ग्रीस भरलं, बसवलं. दुसरं. तिसरं. चौथा डबा उघडून त्याने बेरिंग कानाशी नेलं, एकदा फिरवलं आणि थांबला.

मी भाजी निवडत होते. माझे हात थांबले.

"वैनी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्ये नवंच हाय ना?"

"मग काय तुझ्यासाठी जुनं आणीन?"

मी जरा घुश्शातच म्हटलं. पुन्हा कानाशी न्यायला उचललेला त्याचा हात खाली आला.

"तसं न्हाई वो, वैनी," तो ओशाळून म्हणाला. बोटांनी ग्रीस घेऊन त्याने ते कांड्यांत दाबून भरलं आणि बेरिंग बसवून टाकलं.

दुकानदाराने सांगितलं असतं तर त्याने दहा वेळा तपासलं असतं. आबांनी आणलं असतं तर डिझेलने धुऊन उन्हात धरलं असतं. पण आमच्या घरात वहिनीने आणलेलं सामान वहिनीसमोर पारखायचं, म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटं पाडायचं. ज्या बाईने नऊ वर्षांच्या पोराला भरवलं, तिच्यासमोर ते त्याच्याने होणार नव्हतं. आणि मला हे ठाऊक होतं. म्हणून तर मी घुश्शात बोलले.

संध्याकाळी गाडी चालू झाली. कंपाउंडमधली माणसं टाळ्या वाजवत होती. मी वाचवलेल्या पैशांचा डबा आणून त्याच्या हातात ठेवला. "पहिल्या खेपेचं डिझेल. सामानात वाचवले."

त्याने नोटा पाहिल्या. "एवढं?" त्याचे डोळे भरून आले. "वैनी, तुमी नसता तर..." असं काहीतरी म्हणाला. मी ऐकलं नाही असं केलं.

मोळीच्या दिवशी सकाळी पारगावजवळच्या उसाच्या एका फडावर गाडी भरली. मला त्याने हट्टाने केबिनमध्ये बसवून नेलं होतं. आबा नारळ घेऊन आले होते. चाकापाशी नारळ फोडायच्या आधी म्हणाले, "तुमच्या देवाला चालतोय का रं ह्यो?"

"आमच्याकडं चटणीला चालतोय, आबा," बन्यामीन म्हणाला. ऊसतोडणीच्या बाया खो खो हसल्या. नारळ फुटला. मग बन्यामीन डोक्यावरची टोपी काढून क्षणभर डोळे मिटून उभा राहिला आणि आबाही, काय वाटलं कोण जाणे, पटका सावरत गप उभे राहिले.

मागे डोंगराएवढा ऊस. भीमेचा पूल ओलांडला. बन्यामीन गाणं गुणगुणत होता. केडगाव मागे पडलं, चौफुल्याहून गाडी सोलापूरच्या हमरस्त्याला लागली आणि थोड्या वेळाने त्याचं गुणगुणणं बंद झालं.

"वैनी, कायतरी वाजतंय का?"

वाजत होतं. जात्याखाली खडा सापडल्यावर येते तशी बारीक घरघर. माझ्या बाजूने, मागून.

"नाही बाई," मी म्हटलं. "ऊस घासत असेल."

अजून सहा-सात किलोमीटर, असं मी स्वतःला सांगत होते. काट्यावर एकदा उभी राहू दे. मग मी त्याला सांगेन, कानाला हात लावून सांगेन. तो आणखी थोडा पुढे गेला. माझ्या शब्दावर गेला. मग जळकट वास आला आणि त्याने गाडी कडेला घेतली.

डाव्या मागच्या चाकातून धूर निघत होता. त्याने तळहात चाकाच्या मधल्या हबला लावला आणि झटकन ओढून घेतला. भरल्या गाडीला जॅक लावून चाक काढायला तास गेला. बेरिंगच्या कांड्या फुटून विखुरल्या होत्या, आणि धुऱ्याचं टोक, ज्यावर ते बसतं, ते खरवडून निळं पडलं होतं. तो एक्सल आता कामाचा राहिला नव्हता. बन्यामीन मांडी घालून रस्त्यावर बसला. फुटलेल्या कड्याचा एक तुकडा त्याने जुन्या धोतराच्या फडक्याने पुसला, उन्हात धरला, बोट फिरवलं. मी त्याच्यामागे उभी होते. त्याचं बोट एका जागी थांबलं. तिथून पुढे गेलं, परत तिथे आलं. मग त्याने तो तुकडा फडक्यात बांधला. मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहत होते, त्याने पाहावं म्हणून.

आबा जीपमधून आले. मागून जालिंदर आपला मोकळा ट्रक घेऊन आला होता.

"काय झालं रं?"

"बेरिंग गेलं, आबा."

"नवं घातलं हुतंस ना?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण बन्यामीन माझ्याआधी बोलला.

"नवंच हुतं. नट जादा आवळला गेला माज्याकडनं. माजी चूक हाय, आबा."

"अठ्ठावीस वरसं पानं फिरवलं आन् नट आवळाय येत न्हाई व्हय तुला?"

आबांना राग होता तो ऊस वाळण्याचा, नंबर हुकण्याचा. "जालिंदर, लाव गाडी. ऊस भर तुज्यात." एवढं म्हणून ते जीपमध्ये बसले. जालिंदर खाली उतरला, हबपाशी वाकून त्याने काहीतरी उचललं, निरखलं, टाकून दिलं. "मामा, व्हा बाजूला," तो म्हणाला आणि त्याची माणसं ऊस उतरवू लागली. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते.

चौफुल्याहून आम्ही एसटीने परतलो. त्याच्या तळहातावर फोड आला होता. मी खोबरेल लावायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, वैनी. जेवाय वाढा."

आठ-दहा दिवसांनी तो एका ट्रॅक्टरच्या कामाला लागला आणि सकाळी त्याने माझ्यासमोर कागद ठेवला. "वैनी, बाजारात जाताय तर येवढी दोन सील आना." अगदी नेहमीच्या आवाजात. मी जाऊन नवी सील आणली, पक्की पावती घेतली आणि ती पावती सामानाच्या वर, त्याला दिसेल अशी ठेवली. त्याने सील उचलली. पावतीकडे बघितलंही नाही. चुरगाळली नाही, बाजूला केली नाही. ती तशीच फळीवर राहिली आणि वाऱ्याने उडून गेली. त्याने सामान आणायला मला पाठवणं थांबवलं असतं, तर मला कळलं असतं की त्याला कळलंय. ते मला कळू नये म्हणून तो मरेपर्यंत मला याद्या देत राहिला.

पण याद्या लहान होत गेल्या. गॅरेजवाले त्याला हबच्या, एक्सलच्या कामाला बोलवेनात. एका चुकीपायी इतकं? मला कोडं पडायचं. तीन वर्षांनी तो रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून लागला. खोक्यांवर चिकटपट्ट्या लावायचं काम. कंपनीची बस, निळा शर्ट, बिल्ला. सहा महिन्यांत त्याची नखं पांढरी झाली. देवळात भाकर घेताना तो आता बोटं मुडपत नसे. मला ते बघवत नसे.

सांगायची संधी मला अकरा वर्षं होती. दर नाताळला ठरवायचे. तो करंज्या खात बसलेला असायचा, घरात नॅन्सीची मुलं असायची, आणि मला वाटायचं, आता कशाला. २०२२च्या मार्चमध्ये कंपनीच्या बसमध्येच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

महिनाभराने जालिंदर भेटायला आला. आता त्याचं पाटसला मोठं गॅरेज आहे. ओट्यावर बसून म्हणाला, "मावशी, माज्या पोटात येक गोष्ट हाय. मामांचा नंबर मला मिळाला, त्येच्यावर मी वर आलो. पर मामांनी तसं कराय नगं हुतं."

"कसं?"

"नट आवळल्यानं गेलेलं बेरिंग मला कळतं, मावशी. ते समद्या अंगानं जळतं. ह्येच्या कड्यात आधीचं खड्डं हुतं. मी तवाच हातात घिऊन बघितलं. जुनं बेरिंग घातलं हुतं मामांनी, आन् वरनं नवं म्हनून सांगितलं. पैसं वाचवाय. मी गॅरेजात येक-दोघांस्नी बोललो. मग ते पसरलं." तो खाली बघत होता. "चूक झाली तर मिस्तरीला कोनबी माफ करतंय. पर जुनं घालून नवं सांगनाऱ्याच्या हातात कोन गाडी देनार?"

अकरा वर्षं मी समजत होते की त्याच्यावर चूक केल्याचा ठपका आहे. ठपका लबाडीचा होता. आणि तो माझा होता, अक्षरशः, जसाच्या तसा माझा: जुनं आणून नवं सांगणारी.

मी जालिंदरला सगळं सांगितलं. चांगदेवकडून मागून घेतलेल्या रिकाम्या डब्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा, कुणालातरी. चहा निवून गेला. शेवटी उठताना एवढंच म्हणाला, "मामांना म्हाईत हुतं?"

"होतं."

"आन् तुमाला म्हाईत हुतं की त्यांना म्हाईत हाय?"

मी मान हलवली. तो पायऱ्या उतरून गेला.

आता ज्याचं त्याचं काय झालं ते लिहून संपवते. तो ट्रक चौफुल्याजवळच महिनाभर उभा होता, मग तोडून विकला गेला. आबांचे ट्रकचे पैसे बन्यामीनने पगारातून दोन वर्षांत फेडले. सर्जेराव आबा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या मुलांनी गाड्या विकून मंगल कार्यालय काढलं. चांगदेवने दुकान जावयाला दिलं. जावई तिथे मोबाइलची कव्हरं विकतो. जालिंदरने गॅरेजांत जाऊन खरं काय ते सांगितलं, असं तो म्हणतो. पण तेव्हाचे निम्मे मिस्तरी आता राहिले नाहीत, आणि जे आहेत त्यांतल्या काहींनी विचारलं, कोण बन्यामीन? नॅन्सी पुण्याला असते. तिला मी गेल्या वर्षी सांगितलं. ती चार महिने माझ्याशी नीट बोलली नाही, आता बोलते. मी कंपाउंडात एकटी राहते. भाजीवाला सांगेल तो भाव देते.

बन्यामीनच्या कबरीला दगड बसवायचा राहिला होता. आमच्यात नावाखाली बायबलमधलं वचन लिहायची पद्धत. मी गवंड्याला सांगितलं, नाव लिही, साल लिही आणि खाली एकच शब्द. पाद्रीसाहेब नवीन आहेत. त्यांनी कागद वाचून विचारलं, "मेरीबाई, ते शेवटी रांजणगावच्या कंपनीत होते ना?"

"नोकरीला होते," मी म्हटलं. "होते मेकॅनिक."

दगड बसवला त्या दिवशी जालिंदर काम टाकून आला होता. 'मेकॅनिक'च्या अक्षरांत ताज्या कोरीवकामाची पांढरी भुकटी अडकली होती. त्याने वाकून फुंकर मारली, ती उडाली. मग टोपी काढून तो तिथेच उभा राहिला. गवंडी हत्यारं गोळा करून, पैसे घेऊन, फाटकाबाहेर निघून गेला तरी.